एक ओळ जास्त

मु. पो. ता. जि. —
एवढ्या चार अक्षरांवर माझी प्रेस चालते.
बारसं असो की तेरवी,
माणूस कुठला हे सांगायला
पाचवं अक्षर आजवर लागलं नाही.

उरकुडा मेश्राम भर दुपारी आले,
नातवाचा खांदा धरून.
नमुना लगेच पसंत केला: निळी किनार,
कोपऱ्यात पिंपळाचं पान.
मग पत्त्यावर बोट ठेवून म्हणाले,
"इथं परगणा टाका."

"गावाचं नाव का?"
"गाव नाई बावा. परगणा. परगणे कुऱ्हाळी."

मी टाइप केलं.
कॉम्प्युटरनं शब्दाखाली
लाल नागमोडी रेघ ओढली.
त्यालाही ठाऊक नव्हता.

म्हटलं, आजोबा, ते कधीच गेलं.
तहसील आली, पंचायत समिती आली,
आता तर तालुकाही बदलणार म्हणतात.
असेल देशमुखाच्या कपाटात
मोडीतला एखादा रुमाल, वाळवी लागलेला.

"देशमुखाचा परगणा कागदावर होता,"
ते म्हणाले. "आमचा डोक्यावर."

त्यांचा आजा वेसकर.
साहेब दौऱ्यावर निघाला की
तंबूच्या खुंट्या, पितळी घंघाळ,
एकदा मडमेची आरामखुर्ची,
एकदा पिंजऱ्यासकट पोपट
(तो वाटभर शिव्या देत होता, कोणत्या भाषेत कोण जाणे)
सगळं डोक्यावर घेऊन
नाल्यापासून हिवरापर्यंत चालायचं. अनवाणी.
हिवराखाली उभा असायचा
पलीकडच्या परगण्याचा माणूस,
चुंबळ घेऊन.
ओझं या डोक्यावरून त्या डोक्यावर गेलं
की परगणा संपला.
नकाशा कोणी दाखवला नव्हता.
मानेला माहीत होता.

"आजा सांगे, त्या मानसाचं नाव
कधी पुसनंच झालं नाई.
वझं देता-घेता तोंड पाहाले सवड कुठं?"

मुलगा हिवरापलीकडचा आहे.
वर्ध्याला आयटीआय झालेला.
"लिहा, वरात परगण्याच्या शिवेवर,
हिवराखाली उतरेल. आमी तिथंच घ्याले येऊ."

"हिवर आहे अजून?"
"नाई. मोबाइलचा टावर हाये.
जागा तं हाये ना."

जागा हिवराला होती, कार्डावर नव्हती.
मामा, मावसे, तीन आत्या,
सरपंच, माजी सरपंच.
अक्षर दहाचं नऊ केलं, नऊचं आठ.
ओळ किनारीबाहेर लोंबतच राहिली.
सगळ्यात खाली, फुगेवाल्या पोराच्या चित्राशेजारी
फक्त एवढं उरलं होतं:
आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! — चि. सुगत

"थे काढा," आजोबा म्हणाले.

सुगत काही बोलला नाही.
कटिंग मशीनखालच्या कागदाच्या पट्ट्या उचलून
बोटाला गुंडाळत बसला,
बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत.

तीनशे कार्डं. ॲडव्हान्स पाचशे.
नेताना आजोबांनी गठ्ठा काखेत घेतला,
पोरगा डोक्यावर घेतो म्हणत होता,
त्याला घेऊ दिला नाही.

आठवड्यानं त्यातलं एक मलाच आलं.
पाकिटावर: प्रेसवाले काका, बस स्टँडसमोर.
मु. नाही, पो. नाही.
घडी उघडली तर आत, कोऱ्या बाजूला,
निळ्या बॉलपेननं
उतरणीवरून घसरल्यासारखी एक ओळ:
आमच्या ताईच्या लग्णाला यायच ह.

शाई ओली असतानाच घडी घातली असावी.
समोरच्या पानावर ती उलटी उमटली होती,
परगणे कुऱ्हाळीवरून
थेट हिवरापर्यंत.

तीनशेच्या तीनशे लिहिली का,
मी विचारलं नाही.